कुऱ्हाडीच्या दांड्याची कैफियत

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकतो आणि पुढे निवडणुकीच्या दिवसांत एकमेकांना ऐकवण्यासाठी जपून ठेवतो. बिचाऱ्या दांड्याची बाजू मात्र कोणी मांडीत नाही. आज ती मांडण्याचा माझा विचार आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत गावच्या आठवडी बाजारातून मी नवी कुऱ्हाड आणली. दांडा आरशासारखा चकचकीत. तासभर बाभळीचे लाकूड फोडले नाही तोच तळहातावर दोन टपोरे फोड आले आणि घामाने हात सटकू लागला. आजोबांनी दांड्यावरून बोट फिरवले नि हसून म्हणाले, “हे पालिश दुकानदारासाठी हाय, पोरा. हाताला त्याचा काय उपेग?” त्यांनी फुटक्या काचेने पॉलिश खरवडले, दांड्याला जवसाचे तेल चोळले आणि दोन दिवस तो सावलीत ठेवला. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून माझ्या हाती दिली. “मूठ ज्याची त्यानं बांधावी,” एवढेच बोलले. पट्टी ताणत ताणत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवीत मी ती गुंडाळली आणि शेवटचे टोक आत ओवले. माझी मूठ काही देखणी झाली नाही. पण हात सटकायचा थांबला.

कॉलेज सुरू झाल्यावर त्याच कुतूहलाने मी ग्रंथालयात कुऱ्हाडींची माहिती शोधू लागलो आणि उत्तर अमेरिकेच्या ‘टॉमहॉक’पाशी येऊन पोहोचलो. हा शब्द व्हर्जिनियातील मूळ रहिवाशांच्या अल्गाँक्वियन भाषेतून सतराव्या शतकात इंग्रजीत आला. पूर्वी पाते दगडाचे असे. पुढे युरोपीय व्यापारी आले आणि जनावरांच्या कातड्यांच्या बदल्यात लोखंडी पाती देऊ लागले. अशा अनेक पात्यांचा दांडा आपल्या टिकावासारखा वरून घालण्याचा असे. वरचे टोक जाड असल्यामुळे पाते निसटत नसे आणि पाचरीचीही गरज पडत नसे. दांडा मोडला तर रानातली फांदी तासून नवा बसवावा, की झाले! मैदानी मुलखातल्या जमाती तर हत्यारांच्या मुठीवर बायसनचे कच्चे कातडे ओले असतानाच घट्ट शिवीत. वाळताना ते आवळे आणि जणू लाकडाचीच साल होऊन बसे.

या वाचनातच मला १८०५ सालची एक हकीकत सापडली. लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने १८०४-०५ चा हिवाळा मिसुरी नदीकाठी, मँडन लोकांच्या शेजारी काढला. मोहिमेतले लोहार तिथल्या लोकांना लढाईच्या कुऱ्हाडींची पाती घडवून देत आणि मोबदल्यात मका घेत. तो मका नसता तर या पाहुण्यांचे हाल झाले असते. तरीही लुईस आपल्या रोजनिशीत या कुऱ्हाडीला नावे ठेवतो. दांडा जेमतेम चौदा इंच, म्हणजे फारच आखूड. घोड्यावरून लढणाऱ्याला तर अधिकच गैरसोयीचा, असे त्याचे मत.

मला या ठिकाणी थांबावेसे वाटले. कुऱ्हाड कोणाच्या हातात राहणार होती? लुईसच्या की मँडन वीराच्या? ज्याच्या पंज्याला ती पेलायची, त्याने आपले माप सांगितले होते आणि पोटाला चिमटा बसल्यामुळे का होईना, लोहाराने ते मानले होते. लोखंड परक्याचे, पण माप आपले. हे माप हीच माझ्या मते हत्यारावरची खरी मालकी होय.

आमचा एक मित्र म्हणतो, “यंत्रयुगात मूठ कसली बांधत बसतोस?” मित्रहो, यंत्राशी माझे भांडण नाही. लोखंड कुठूनही यावे. इंग्रजी पुस्तकातून यावे, परदेशी विचारवंताकडून यावे. पण परीक्षेच्या तोंडावर आपण बाजारातले गाईड आणतो तेव्हा काय करतो? दुसऱ्याने पॉलिश केलेला दांडा तसाच हातात धरतो. दोन दिवसांत फोड येतात आणि आपण दोष देतो तो कुऱ्हाडीला!

मात्र ‘आपले ते चांगले’ म्हणून डोळे मिटून घेणाऱ्यांनीही आजोबांचे आणखी एक सांगणे ऐकावे. त्यांनी मला संपूर्ण दांडा गुंडाळू दिला नाही. मूठ हात धरतो तेवढीच बांधायची. वरचा भाग उघडा हवा, म्हणजे घाव घालताना दुसरा हात त्यावरून सरकतो आणि लाकडाला तडा गेला तर तो दिसतो. मुठीची पट्टीही वर्षातून एकदा सोडून आतले लाकूड पाहायचे. झाकलेल्या तड्याचा दांडा ऐन घावात मोडतो आणि पाते कोणाच्या पायावर पडेल याचा नेम राहत नाही. परंपरेचा अभिमान ही अशीच मूठ आहे. ती जरूर बांधावी, पण तडे झाकण्यासाठी नव्हे.

आणि ती म्हण? दांडा गोतास काळ होतो, हे खरेच आहे. पण तो कोणाच्या मापाचा आणि कोणाच्या हातात आहे, हे विचारल्याशिवाय सगळा दोष त्या लाकडाला देणे मला तरी न्यायाचे वाटत नाही.