उबेची भिंत व मोकळी हवा

थंडी म्हणजे काय, हें आमच्या बालवाचकांस पौषांतील पहांटेवरून थोडेंबहुत ठाऊक आहे. परंतु अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतांत हिवाळ्यांत अंगणांतील पाणी आठवडेच्या आठवडे गोठून राहतें. अशा ठिकाणीं भिंत हेंच माणसाचें खरें पांघरूण होय. तें कसें असावें, याविषयीं आमचें मत येथें मांडावयाचें आहे.

त्या प्रांतांतील कित्येक जुनीं घरें व ‘बार्न’, म्हणजे गुरें, गवत व धान्य एका छपराखालीं ठेवण्याचीं मोठीं कोठारें, जाड तुळयांच्या सांगाड्यावर उभीं आहेत. खांबाच्या खांचेंत तुळईचें टोंक बसवून वर लांकडी खुंटी ठोकावयाची, ही तेथील सुतारांची रीत. जुन्या वाड्याचा सागवानी सांगाडा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हें चित्र सहज डोळ्यांपुढें आणतां येईल. १९७० नंतरच्या दशकांत ही विद्या तेथें पुन्हां मान पावली. पण तुळयांची शोभा आंतून दिसावी आणि घरही उबदार राहावें, हें साधावें कसें ?

याचें उत्तर थरांच्या पाट्यांनीं दिलें. लांकडाच्या चकत्या राळेनें दाबून केलेल्या, सुमारें ११ मिलिमीटर जाडीच्या दोन फळ्या व त्यांच्यामध्यें चिकटविलेला फेंसाळ पॉलिस्टायरीनचा जाड थर, अशी ही पाटी असते. पातळ फळ्यांची कातडीच घराचा भार वाहूं शकते, या कल्पनेची परीक्षा १९३५ सालीं मॅडिसन येथील सरकारी वनोत्पादन-प्रयोगशाळेनें आरंभिली. आणि १९५२ सालीं स्थापत्यविशारद ऑल्डन डाऊ यांनीं मिशिगन संस्थानांतील मिडलंड येथें फेंसाचा गाभा असलेल्या पाट्या घरांस वापरल्या. निश्चल हवा उष्णता फार मंद वाहून नेते, आणि फेंसाच्या बारीक पोकळ्यांत अशीच हवा कोंडलेली असते. शिवाय साध्या भिंतींतील वाशांवाटें उष्णता निसटते, तसें या सलग थरांत फारसें होत नाहीं. शाल पांघरावी तशा या पाट्या सांगाड्याच्या बाहेरून बसविल्या, म्हणजे तुळया आंत उघड्या राहतात व ऊनपावसापासून वांचतात.

येथवर सर्व गोड. परंतु माणसाच्या श्वासांत व चुलीवरच्या भांड्यांत वाफ असते. ती सांध्याच्या फटींतून बाहेर जाऊं लागली, कीं थंड फळीपाशीं तिचें पाणी होतें आणि फळी कुजते. अलास्कांतील जूनो येथें २००१ च्या सुमारास अशा पाट्यांचीं कित्येक छपरें याच कारणानें कुजलेलीं आढळलीं. दोष पाटीचा नव्हता, नीट न बुजविलेल्या सांध्यांचा होता. जुन्या बार्नच्या फटींतून वारा खेळे, म्हणून त्याचें लांकूड कोरडें राहिलें, हें विसरून कसें चालेल ?

म्हणून आमचें मत असें आहे. जुना सांगाडा मोडून टाकण्यापेक्षां त्यास पाट्यांचें पांघरूण घालून तेथें घर करणें केव्हांही श्रेयस्कर. मात्र सांधा न् सांधा बुजवावा, फेंस आगीस लवकर बळी पडतो म्हणून आंतून जिप्समचें अस्तर द्यावें, व ताजी हवा आंत येण्याची स्वतंत्र सोय करावी. ज्या बार्नमध्यें गुरें बांधावयाचीं, तो मात्र असा घट्ट गुंडाळूं नये. धडधाकट गाय कोरडी थंडी बरीच सोसते. स्वतःच्या श्वासानें दमट झालेली कोंदट हवा तिला अधिक बाधते. धन्यास जें सुखकर, तेंच मुक्या जनावरास सुखकर असेल, असें मानणें ही दया नव्हे, अविचार होय.

विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी घरें बांधील. त्यानें भिंतीची जाडी ठरविण्यापूर्वीं आंत कोण राहणार व तो श्वास कसा घेणार, हें आधीं विचारावें.