गवताची मुदतठेव

बँकेत पस्तीस वर्षे काढली की माणूस प्रत्येक गोष्टीची मुदत मोजू लागतो. पण मला भावलेली सर्वांत चोख मुदतठेव कुठल्याही बँकेत नाही. ती केरळच्या इडुक्की जिल्ह्यात, डोंगरउतारांवर आहे. नीलकुरिंजी हे तिचे नाव. हे झुडूप बारा वर्षे निमूटपणे वाढते, मग साऱ्या उतारावर एकदम जांभळट निळ्या फुलांनी डवरते, बी टाकते आणि मरून जाते. १९९४, २००६, २०१८ हा त्याचा हिशेब. पुढचा बहर २०३० साली.

बहराच्या वर्षी तिथे माणसांची रीघ लागते. मी गेलो ते बिनफुलांच्या वर्षी. मुन्नारजवळचे एरविकुलम राष्ट्रीय उद्यान ९७ चौरस किलोमीटरचे आहे. हिमालयाच्या दक्षिणेला भारतातले सर्वांत उंच शिखर, २,६९५ मीटरचे अनाईमुडी, इथलेच. वन खात्याच्या बसमधून राजमलाला चढताना शेजारचे गृहस्थ नाराजीने म्हणाले, "जंगल कुठंय? हे तर नुसतं गवत!"

खरेच, इथली बहुतेक जमीन गवताची. झाडी आहे ती घळींमध्ये, ओढ्यांच्या काठाने, दाटीवाटीने उभी. तिला तिकडे शोला म्हणतात. उघड्या उतारावर हिवाळ्यात दव गोठते. त्या थंडीत शोलाची कोवळी रोपे सहसा तगत नाहीत. म्हणजे कुणी झाडे तोडली म्हणून हे गवत आलेले नाही. हजारो वर्षे ते स्वतःच्या हक्काने तिथे आहे. पावसाळ्याचे पाणी ते जमिनीत जिरवते आणि सावकाश सोडते. इथले काही ओढे पेरियारला मिळतात, काही पांबारमार्गे थेट कावेरीच्या खोऱ्यात जातात.

या गवतावरच निलगिरी ताहर जगतो. दणकट बांध्याचा, कड्यांवर लीलया चढणारा हा डोंगरी बोकड जगात फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आढळतो. २०२५ मध्ये केरळ आणि तामिळनाडूने मिळून त्यांची गणना केली, तेव्हा दोन्ही राज्यांत मिळून अडीच हजारांहून थोडे अधिक भरले. त्यांचा सर्वांत मोठा कळप-परिवार एरविकुलमचा. पिलांच्या जन्माच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान पर्यटकांना बंद असते.

शेतीकर्जाच्या फायली तपासताना सातबाऱ्यावर 'पोटखराबा' हा शब्द मी हजारदा वाचला आहे. पीक येत नाही ती जमीन खराब! हाच हिशेब इंग्रजांनी दक्षिणेतल्या डोंगरांना लावला आणि स्वातंत्र्यानंतर आपणही तो चालू ठेवला. 'रिकाम्या' गवतावर निलगिरीची आणि ऑस्ट्रेलियातून आणलेल्या वॅटलची झाडे लावली. निलगिरी जळणासाठी, वॅटलची साल कातडी कमावण्यासाठी. वॅटलचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. झाड तोडले तरी रोपे उगवतच राहतात. त्याच्या सावलीत गवत मरते आणि ताहर उपाशी राहतो. एरविकुलम बरेचसे वाचले, तेही गमतीच्या कारणाने. चहामळेवाल्या साहेबांनी ते शिकारीसाठी राखून ठेवले होते! १९७५ मध्ये ते अभयारण्य झाले, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. आता मुन्नार परिसरात वॅटल काढून पुन्हा स्थानिक गवत लावण्याचे काम वन खात्याने हाती घेतले आहे. जे फुकट होते, ते आता पैसे मोजून लावायचे.

हे सारे केरळचे म्हणून सोडून देता येत नाही. आपली कारवी ही नीलकुरिंजीची सख्खी भाऊबंद. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. आपल्याकडेही सडे आहेत, माळराने आहेत. माळढोक पक्षी झाडीत राहत नाही, त्याला उघडा माळ लागतो. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आज तिथे तो दिसला तर बातमी होते. आणि आपण २०१६ ते २०१९ या काळात कोटी-कोटी झाडे लावण्याच्या मोहिमा काढल्या. हेतू चांगलाच होता. पण खड्डा खणण्यापूर्वी इथे आधी काय होते, हे किती ठिकाणी विचारले गेले?

झाड लावणे पुण्याचे, हे आपण मुलांना शिकवतो आणि शिकवावेच. त्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकवू या. प्रत्येक उघडी जमीन झाडाची वाट पाहत नसते. काही जमिनींचे धन गवतातच असते, आणि मुदतीपूर्वी मोडलेली ती ठेव पुन्हा उभी करायला माणसाचे एक आयुष्य पुरत नाही.