आधी हातब्रेक, मग ‘पी’

परवा गिरडच्या टेकडीच्या चढावर आमची नवी ऑटोमॅटिक मोटार थांबविली, दांडी ‘पी’वर ढकलली आणि ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी वीतभर मागे सरकून खट्कन अडकली. धाकटी आधीच उतरून मागे उभी होती! माझ्या तोंडचे पाणी पळाले.

वर्ध्याला मेकॅनिक झालेला माझा जुना विद्यार्थी म्हणाला, “सर, ‘पी’ म्हणजे आतल्या दातेरी चाकात अडकणारी लहानशी पोलादी खुंटी. सारा भार तिच्यावर कशाला? पायाचा ब्रेक दाबूनच दांडी न्यूट्रलला न्या, हातब्रेक ओढा, पाय हळूच सैल करून गाडी ठरते का बघा. पुन्हा ब्रेक दाबून शेवटी ‘पी’.”

याच पोराला मी व्याकरणात नापास केले होते. सौभाग्यवती आता “हातब्रेक?” असे विचारल्याखेरीज मुलीला उतरू देत नाहीत.