माशासाठी माशी, पण पीस कोणाचं?

मासे पकडायला काय लागतं? आमच्या वैशाखरे परिसरात, माळशेज घाटाच्या पायथ्याशी, गळ, दोरा, काठी आणि एखादं गांडूळ. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढू लागले की जाळं नाहीतर बांबूचा सापळा. पण जगात याहून वेगळा एक छंद आहे. गळावर दोरा, लोकर, पीस गुंडाळून खोटी माशी बनवायची आणि तिला भुलून आलेला मासा पकडायचा. याला 'फ्लाय फिशिंग' म्हणतात. आपल्या देशातही महसीरच्या मागे लागणारे हौशी लोक अशा माशा वापरतात.

मैत्रिणींनो, हा विषय आपल्या पानावर कशाला, असं वाटेल. पण ही माशी बांधणं म्हणजे भरतकामाचं सख्खं भावंडच! छोट्या पकडीत गळ अडकवायचा, त्यावर दोऱ्याचे वेढे घ्यायचे. मग लोकर किंवा मोरपिसाचा तंतू गुंडाळून किड्याचं पोट करायचं, वरून चमकत्या तारेच्या वळ्या द्यायच्या आणि शेवटी मानेपाशी कोंबड्याचं पीस फिरवायचं, की झाले पाय. नजर आणि बोटं, बाकी काही नाही.

प्रश्न आहे तो पिसांचा. सालमन माशासाठी इंग्रज ज्या नटव्या माशा बांधत, त्यांत देशोदेशीच्या पक्ष्यांची पिसं असत. आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेवरच्या चकचकीत ठिपक्यांच्या पिसांना त्यात फार मान. हे वेड कुठवर जातं पाहा. २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका विशीतल्या मुलाने २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरली. कशासाठी? तर पिसं काढून माशा बांधणाऱ्यांना विकायला! शास्त्रज्ञांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेला ठेवा एका हौसेपायी उधळला गेला.

आपल्याकडे रानकोंबड्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मोराने आपणहून गाळलेली पिसं देशात विकता येतात, परदेशी पाठवता येत नाहीत. रानकोंबड्याला मात्र मारल्याशिवाय त्याच्या मानेची पिसं कोण देणार? मध्यंतरी घाट बघायला आलेले एक पाहुणे आमच्या बचत गटातल्या बायकांना सहज विचारून गेले, "रानकोंबड्याची पिसं मिळतील का? चांगले पैसे देईन." पावसाळा सरला की हाताला काम नसलेल्या घरात हा प्रश्न 'सहज' राहत नाही हो! फासे लावायला नवरा नाहीतर पोरगा जाणार, पकडला गेला तर कोर्टाच्या खेपा पाड्यावरच्या बाईच्या नशिबी. आणि मागणारा? तो मुंबईत निवांत.

बरं, माशाला या श्रीमंतीचं काही आहे का? फ्रँक सॉयर हे इंग्लंडमधल्या एव्हॉन नदीचे राखणदार. त्यांची 'किलर बग' नावाची माशी गाजली. तिचं अंग कशाचं होतं, तर मोजे रफू करायच्या लोकरीचं! चॅडविक कंपनीची ४७७ नंबरची ती लोकर बंद झाल्यावर शौकीन तिचे जुने पुठ्ठे शोधत फिरले. म्हणजे बायकांच्या शिवणाच्या डब्यातली वस्तू मासेमारीत अनमोल ठरली. स्कॉटलंडच्या मेगन बॉइड यांनी तर आयुष्यभर माशा बांधल्या. १९७१ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचं पदक मिळालं. स्वतः मात्र त्या मासेमारीच्या वाटेला गेल्या नाहीत.

मग आपल्या डब्यात काय कमी आहे? स्वेटरची उसवलेली लोकर, सुतळीचे पिंजलेले धागे, नारळाचा काथ्या, जुन्या साडीच्या काठाची जर, रेशमाची लड. पिसं हवीतच तर घरच्या गावठी कोंबडीची आहेत, ती रंगवताही येतात. लोकर पाणी पिते, त्यामुळे बुडणाऱ्या माशीला उत्तम. तरंगणाऱ्या माशीसाठी काही जण फोमचे तुकडे वापरतात. ते मला पटत नाही. दोरा तुटला की तो तुकडा नदीतच राहणार. पक्षी वाचवायचा आणि काळू नदीत प्लास्टिक सोडायचं, हा कुठला न्याय?

केनियात बायका माशा बांधतात आणि त्या परदेशात विकल्या जातात. आपल्या बायकांनाही हे जमेल. पण नगाला चार-आठ आणे देऊन, वर 'घरबसल्या काम' म्हणून उपकार दाखवणारा ठेकेदार नको. आधी एक माशी बांधायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा, मग त्या वेळेची मजुरी धरून भाव ठरवा. ऑर्डर घेताना एक अट लेखी घाला, रानातलं पीस वापरणार नाही.

आणि ज्यांच्या घरी गळ टाकण्याची हौस आहे, त्यांनी आपल्या 'साहेबां'ना दुकानात एवढंच विचारायला सांगावं, "हे पीस कुठून आलं?" दुकानदार गडबडला, तर ते पाकीट तिथेच ठेवून लोकरीचं मागावं.