लेंडीबागेतल्या समाध्यांसमोर जरा थांबू द्या

शिर्डीत आलेला भाविक रांगेत तासन् तास उभा राहतो. समाधीसमोर त्याला काही सेकंद मिळतात, मग प्रसाद आणि परतीची गाडी. लेंडीबागेत शिरलाच तर नंदादीपाला हात जोडतो, सेल्फी काढतो आणि पुढे. शेजारच्या समाध्या कुणाच्या, हे विचारा, दहातले नऊ जण गप्प. दुसऱ्याचं कशाला, आपल्या शिर्डीच्या पोरांना तरी कुठं माहितीये?

आता बघा तिथं कोण आहे. तात्या कोते पाटील. बायजाबाईंचा मुलगा, 14 वर्षं बाबांसोबत मशिदीत झोपलेला माणूस. 1945 साली गेले. भाऊ महाराज कुंभार, गावातले रस्ते स्वतः झाडायचे. नानावली, बाबांच्या मागोमाग तेराव्या दिवशी गेले. बाबांच्या श्यामकर्ण घोड्याचीसुद्धा समाधी आहे, आणि गंमत म्हणजे लोकांना घोडाच तेवढा आठवतो!

बागेलगतच अब्दुलबाबांची कबर आहे. नांदेडहून आले, पाणी भरलं, झाडलोट केली, लेंडीतला हा नंदादीप तेवत ठेवला. बाबा गेल्यावरही समाधीची सेवा सोडली नाही. 1954 साली शिर्डीतच देह ठेवला. म्हणजे ज्या दिव्याला आपण हात जोडतो तो सांभाळणारा माणूस दोन पावलांवर झोपलाय.

या गावाला थडग्याचा प्रश्न नवा नाही. 15 ऑक्टोबर 1918 ला, दसऱ्याला, बाबा गेले. देह कुठं ठेवायचा यावर 36 तास खल चालला. काहींचं म्हणणं, मोकळ्या जागेत दफन करून कबर बांधू. बाकीचे म्हणत, नागपूरच्या बुट्टींच्या वाड्यातच. शेवटी कोपरगावच्या मामलेदारांनी गावाचा कौल घेतला. वाड्याच्या बाजूनं दुप्पट मतं पडली. साईसच्चरितातच आहे हे. आज देशभरात कबरींवरून डोकी फुटतात. आमच्या गावानं शंभर वर्षांपूर्वी मतं मोजली आणि नंतर सगळे त्याच समाधीपुढं एकत्र आले. हा इतिहास दडवायचा की मिरवायचा?

ही जागा मुंबईच्या प्रधानांनी विकत घेऊन संस्थानला दिलेली. संस्थान आज 2004 च्या कायद्यानं चालतं, म्हणजे कारभार सार्वजनिक आहे आणि आपल्याला मागायचा हक्क आहे. माझी मागणी काही कोटींची नाही. प्रत्येक समाधीपाशी मोठ्या अक्षरात चार ओळी मराठीत, खाली हिंदी, तेलुगू: माणूस कोण, केलं काय, गेला कधी. नुसतं नाव आणि तारीख नको. चमत्कार तर अजिबात नको, ते सांगायला दुकानदार आहेतच.

आणि शाळांनी वर्षातून एकदा पोरं आणावीत. लेंडीबागेतून निघून लक्ष्मीबाई शिंदेंच्या घरापुढच्या समाधीपर्यंत चालत न्यावं. चालत किती? मोजून काही मिनिटं. संस्थानकडं अर्ज देतोय. शिर्डीकरांनो, सही करणार असाल तर खाली लिहा.