पांढऱ्या उंदरांविषयीं दोन शब्द

साखरखेर्ड्यासारख्या शेतकऱ्यांच्या गावीं उंदीर म्हटला कीं कणगीचा व पोत्यांचा शत्रु हीच कल्पना प्रथम मनांत येते. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची साथ सुरू झाली, आणि उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळें ती पसरते हें पुढें सिद्ध झालें. तेव्हांपासून या प्राण्याच्या नांवास भीतीचीही जोड मिळाली. म्हणून आमच्या एका विद्यार्थ्यानें शहरांतून दोन पांढरे उंदीर विकत आणले, तेव्हां पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. घरांतला वा रानांतला उंदीर धरून पाळूं नये, आणि पाळीव उंदीर हाताळल्यावरही साबणानें हात धुवावे, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु आमचें म्हणणें निराळें आहे. दोष उंदीर पाळण्यांत नाहीं; त्याचा स्वभाव जाणून न घेतां पाळण्यांत आहे.

ते दोन्ही उंदीर नर होते. कांहीं दिवस ते एकाच खोक्यांत गुण्यागोविंदानें राहिले. मग एके सकाळीं एकाची पाठ व शेपटी चाव्यांनीं रक्ताळलेली दिसली. मुलगा म्हणाला, “गुरुजी, दुसरा फार दुष्ट आहे हो.” त्याचे वडील म्हणाले, “दोघांनाही शेतांत सोडून देतों, म्हणजे कटकट मिटेल.” हीं दोन्ही मतें आम्हांस चुकीचीं वाटतात.

वयांत आलेला नर आपली हद्द मूत्राच्या वासानें आंखतो, व तींत दुसरा नर बहुधा सहन करीत नाहीं. मोकळ्या रानांत हरलेला पळून जातो; खोक्यांत त्यानें पळावें कोठें? तेव्हां अपराध उंदराचा नसून, दोघांना एका खोक्यांत कोंडणाऱ्या आपला आहे. एकत्र वाढलेल्या दोन-तीन माद्या मात्र सुखानें नांदतात. नर व मादी एकत्र ठेवल्यास सुमारें तीन आठवड्यांत पिलें होतात, आणि प्रसूतीनंतर एका दिवसाच्या आंत मादी पुन्हां गाभण राहूं शकते. मग खोकीं पुरणार तरी किती? नरांमध्यें रक्त दिसतांच ते त्याच दिवशीं वेगळे करावे. सफाई करतांना ओला भुसा टाकावा, पण घरट्यांतील कोरडे कागदाचे तुकडे थोडे राहूं द्यावे. ओळखीचा वास सगळाच गेला तर भांडण पुन्हां पेटतें.

आजाराचेंही तसेंच आहे. घाण झालेल्या भुशांतून अमोनिया वायु निघतो, व तो उंदराच्या नाजूक फुप्फुसांस बाधतो. वारंवार शिंका, श्वासांत टकटक आवाज, विस्कटलेले केस, पाठीची कमान करून कोपऱ्यांत बसणें, हीं दुखण्याचीं लक्षणें होत. उंदीर आपलें दुखणें लपवितो, म्हणून रोज निरखून पाहिलें पाहिजे. वैशाखांत तापलेल्या पत्र्याखालीं खोकें ठेवणें म्हणजे त्याचा जीव घेणेंच. गुरांच्या दवाखान्यांत उंदीर नेण्यास लाजूं नये, आणि माणसांचें औषध अंदाजानें देऊं नये.

आतां शेतांत सोडण्याविषयीं. ती दया नव्हे. माणसाच्या हातचें खाऊन वाढलेल्या त्या जिवाचा पांढरा रंगच त्यास घुबडाच्या व मांजराच्या स्वाधीन करतो. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें, ज्याच्या ताब्यांत प्राणी आहे त्याच्यावर त्या प्राण्याच्या हिताची जबाबदारी टाकली आहे, व त्यांत लहानमोठा असा भेद नाहीं. पवित्र शास्त्रही नीतिमानाची ओळख त्याच्या पशूंच्या सांभाळावरून पटवितें.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, उंदराचें आयुष्य सुमारें दोन वर्षांचें असतें. तेवढीं दोन वर्षें सफाई, दाणापाणी व दवाखाना निभेल कीं नाहीं, हें मुलांशीं आधीं बोलावें. निभणार नसेल तर प्राणी आणूंच नये. आणला असेल तर शेवटपर्यंत सांभाळावा.

त्या मुलाच्या वडिलांनीं अखेर स्वतः जाळी ठोकून दुसरी पेटी करून दिली. जखमा भरून आल्या. आतां दोघे शेजारीं शेजारीं राहतात, आणि तो मुलगा शाळेंत येण्यापूर्वीं दोन्ही पेट्या झाडून येतो. विद्यार्थ्यांनो, त्या दुसऱ्या उंदरास तो आतां दुष्ट म्हणत नाहीं, याचा आम्हांस अधिक आनंद आहे.