खालच्या काकू आणि ३८ हर्ट्झ

"अरे, तुमच्याकडे गिरणी चालू आहे का रे?"

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. खरं सांगतो, मला राग आला. नवीन सब-वूफर घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि गाण्याचा आवाज काही फार मोठा नव्हता. मोठा कसला, मला स्वतःलाच बेस धड ऐकू येत नव्हता! गाणं चालू ठेवून मी काकूंबरोबर खाली गेलो, त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहून फोनमधल्या ॲपवर डेसिबल मोजले आणि त्यांना दाखवले. "बघा काकू, ४६. निवासी भागात दिवसा ५५ पर्यंत चालतं, नियमच आहे तसा." काकू शांतपणे म्हणाल्या, "ते यंत्र काय म्हणतंय ते राहू दे. माझ्या कपाटातले ग्लास वाजतायत."

सॉफ्टवेअरवाल्यांचा खास माज हा. लॉगमध्ये एरर नाही, म्हणजे युजरच चुकतोय.

नंतर थोडं वाचल्यावर माझीच लाज वाटली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतले आकडे 'ए-वेटेड' डेसिबलमध्ये आहेत आणि फोनमधली बहुतेक ॲप्सही तसंच मोजतात. म्हणजे कसं, तर माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात म्हणून मीटर ते आधीच वजा करून टाकतो. ४० हर्ट्झला ही वजावट साधारण ३५ डेसिबलची आहे! थोडक्यात, सब-वूफर जे काही करतो त्यातलं बरंचसं माझ्या ॲपला दिसतच नव्हतं. ग्लासांना मात्र बरोबर कळत होतं.

पण मूळ प्रश्न वेगळाच होता. वर मला बेस ऐकू येत नाही आणि खाली काकूंचे ग्लास वाजतात, हे कसं काय?

आमचा हॉल १५ फूट बाय १० फूट. पुण्यातल्या टू-बीएचकेमध्ये असतो तसाच. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. खोलीच्या लांबीच्या दुप्पट ज्या स्वराची तरंगलांबी, तो स्वर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. १५ फुटांसाठी हा आकडा येतो ३८ हर्ट्झ आणि १० फुटांसाठी ५६. असे स्वर भिंतींपाशी दणकून ऐकू येतात आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसे होतात. आता आमचा सोफा कुठे? हॉलच्या बरोब्बर मध्यभागी, कारण मागे डायनिंग टेबल. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, तिच्या वरची ५५ ची. पंचमच्या गाण्यांतलं बेस गिटार ऐकायला म्हणून मी एवढा खर्च केला आणि नेमक्या त्याच दोन जागी दोन खड्डे! जिना उतरताना मधल्या दोन पायऱ्या गायब असाव्यात तसं.

मग मी काय केलं? गेन वाढवला. पुन्हा वाढवला. सब ठेवला होता टीव्हीच्या बाजूच्या कोपऱ्यात, इंटिरियरवाल्याने तिथेच खण केला होता म्हणून. कोपरा म्हणजे खोलीतले झाडून सगळे घुमणारे स्वर एकदम जागे करायची जागा. भिंती आणि स्लॅब थरथरताहेत आणि मी मात्र खड्ड्यात बसून "अजून थोडा" म्हणतोय. चुकीच्या जागी ठेवलेला सब फक्त वाईट वाजत नाही, तो शेजाऱ्यांच्या घरात वाजतो. माझं म्हणणं एवढंच आहे.

उपाय फुकटचा निघाला. आधी सोफा अडीच फूट मागे आणि फूटभर बाजूला सरकवला (डायनिंग टेबल भिंतीला गेलं, एक खुर्ची गॅलरीत. घरात त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही). मग सब उचलून सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवला, एक बेस गिटारवालं गाणं लूपवर लावलं आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरलो. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतात तिथे सब ठेवायचा. सब आणि कान यांच्या जागांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच येतो, म्हणून ही युक्ती चालते. मुलीला वाटलं बाबा घोडा झालाय, ती पाठीवर बसली. असो. जागा सापडली ती खिडकीखाली, लांब भिंतीच्या साधारण एक तृतीयांशावर. क्रॉसओव्हर ८० वर, फेजचं बटण दोन्हीकडे करून जिकडे बेस भरीव वाटला तिकडे. गेनचा नॉब दोन वाजल्याच्या जागेवरून दहावर आला आणि मला आधीपेक्षा जास्त ऐकू यायला लागलं.

खरेदीबद्दल थोडंसं. दुकानदार १२ इंचीच घ्या म्हणत होता, वर पीएमपीओ वॉट्सचे हजारातले आकडे. पीएमपीओवर विश्वास ठेवू नका, आरएमएस विचारा. एवढ्याशा हॉलला सीलबंद पेटीतला १० इंची पुरतो. लहान खोली खालच्या स्वरांना स्वतःच थोडा हात देते. पोर्टवाला सब जास्त जोरात वाजतो, पण फ्लॅटमध्ये जोर ही कधीच अडचण नसते. आणि भिंतीवर फोम लावून बेस आवरेल या भ्रमात राहू नका. ४० हर्ट्झची तरंगलांबी साडेआठ मीटर आहे, दोन इंची फोम तिला काय करणार?

पैसे जास्त असतील तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली नेमका हाच अभ्यास मांडला होता. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सब ठेवला की खड्डे आणि उंचवटे बरेच सपाट होतात.

रात्री दहानंतर सब बंद, हे मी काकूंना स्वतः जाऊन सांगून आलो. ॲपबद्दल माफीही मागितली. ग्लास आता वाजत नाहीत म्हणाल्या, पण "धाप धाप थोडं येतंच हो अजून." स्लॅबमधून एवढं येणारच. सबखाली रबरी पॅड टाकलेत, त्याने जमिनीत जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारी नाही.

दुसऱ्या सबची जागाही मोजून ठेवली आहे. तिथे सध्या चपलांचं कपाट आहे. घरात बोलणी चालू आहेत.